आडोशामागचा फासा

बसवकल्याणच्या बसस्टँडसमोर, एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर सुनीलकुमार सर्व्हेअरचं ऑफिस आहे. जिना इतका अरुंद की भांडत आलेल्या दोन भावांना एकामागं एकच चढावं लागतं, आणि पुढं कोण चढणार यावरून निम्मं भांडण खालीच उरकतं. उरलेलं निम्मं सुनीलकुमारच्या वाट्याला येतं. वय बेचाळीस, पोट जरासं पुढं, खिशात कायम एक टेप. तालुक्यात कुठं बांध सरकला की याला बोलावणं ठरलेलं. वीस वर्षांत त्यानं हजारभर शेतं मोजली असतील, पण दोन्ही भाऊ एकाच वेळी ‘बरोबर हाय’ म्हणाले असं एकदाही घडलं नाही. ज्याचं हातभर वाढलं त्याला दोन हात हवं असायचं, आणि ज्याचं कमी भरलं तो सुनीलकुमारच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मगच बैलगाडीत बसायचा.

यावर त्यानं एक रीत धरली होती. टेपचं एक टोक एका भावाच्या हातात द्यायचं, दुसरं दुसऱ्याच्या. स्वतः मधे उभं राहून आकडा तेवढा मोठ्यानं वाचायचा. टोक स्वतःच्याच हातात असल्यावर मोजणी खोटी म्हणायला तोंड राहत नाही, असं तो सांगायचा. माणसं तरी म्हणायचीच, पण जरा हळू.

आता ज्याचा शब्द आठवड्याचे सहा दिवस कुणी ऐकत नाही, त्याला सातव्या दिवशी तरी कुठंतरी ऐकून घेणारं माणूस लागतं. सुनीलकुमारला ते कडगंचीला सापडलं. विद्यापीठाशेजारच्या एका शेताची मोजणी तीन आठवडे रखडली होती. समोरच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा विद्यार्थी रोज एक खेळ मांडून बसायचे. पहिल्या दिवशी त्यानं लांबून पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, आणि पाचव्या दिवशी तो स्वतः दाढीवाला बुटका योद्धा होऊन एका गुहेत शिरला होता. शेताचा मालक बांधावर वाट बघत उभा होता, ते वेगळंच.

खेळ तसा सोपा. एक जण मास्टर. तो गोष्ट सांगतो: तुम्ही किल्ल्याच्या दाराशी उभे आहात, आत राक्षस आहे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र पुढं काय करणार ते ज्यानं त्यानं ठरवायचं. ठरवलेलं जमलं का फसलं, ते वीस तोंडांचा फासा सांगतो. आकडा मोठा तर जमलं, लहान तर गेलं. राक्षसाच्या वतीनं मास्टर फासा टाकतो, आणि तो खेळणाऱ्यांना दिसू नये म्हणून स्वतःपुढं आडोसा उभा करतो. सुनीलकुमारला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर हा आडोसा. वीस वर्षं उघड्या रानात दोन्ही बाजूंच्या नजरेखाली आकडे वाचलेल्या माणसाला आडोशाची किंमत कळते.

त्यानं मोजणीच्या जुन्या फायलींचे पुठ्ठे जोडून आडोसा केला, जुन्या नकाशांच्या पाठीवर किल्ले काढले, आणि दर रविवारी दुपारी दोन ते सहा माडीवर खेळ सुरू झाला. बायको नेत्रावती हायस्कुलात कन्नड शिकवते. तिनं एकदाच येऊन पाहिलं, मोठ्या माणसांची भातुकली म्हणाली आणि वह्या तपासायला निघून गेली.

खेळणारे तिघं. एक हावगेप्पा वकील, तालुका कोर्टात वकिली करणारे. हे जादूगार. नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स काढून त्यांनी तिला रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि राक्षस अंगावर धावून आला तरी ते आधी कलम शोधायचे. दुसरी स्नेहा, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट, डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून नजर तयार झालेली. ती चोर. तिसरे बंडेप्पा, सुनीलकुमारचे वडील. वय बहात्तर, वीज खात्यात चौतीस वर्षं लाइनमन.

बंडेप्पांना खेळात आणलं त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी सुनीलकुमारची आई शरणम्मा वारली, आणि त्यानंतरचे आठ महिने बंडेप्पा ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ या दोन शब्दांवर जगले. जेवलात का, व्हय. बरं वाटतंय का, न्हाई. सुनीलकुमार हबकून गेला होता. एका रविवारी, घरात एकटे नकोत म्हणून त्यानं त्यांना माडीवर आणून खुर्चीत बसवलं. दोन तास ते गप्प बसले. मग हावगेप्पांचा जादूगार अंधाऱ्या भुयारात हात घालायला निघाला, तेव्हा बंडेप्पा म्हणाले, “थांबा. लाइन बंद केलाव का?” आठ महिन्यांत त्यांनी बोललेलं ते पहिलं पुरं वाक्य. सुनीलकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते आडोशामागं पुसलं.

तिथून बंडेप्पा योद्धा झाले. पात्राचं नाव काय, विचारल्यावर ‘बंडेप्पाच’ म्हणाले. असलेलं नाव टाकून दुसरं कशाला. सोंगटी म्हणून त्यांनी घरून चिनीमातीचा जुना फ्यूज आणला. त्यांचा योद्धा रानडुकराच्या मेजवानीत बसायचा नाही, पाठीवरच्या पिशवीतून ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी काढून खायचा. मोतीबिंदूमुळं आकडे दिसेनात, म्हणून सुनीलकुमारनं सगळ्यांसाठीच लिंबाएवढे मोठे फासे मागवले. आणि पुलावरच्या राक्षसाला बंडेप्पांनी एका घावात लोळवल्यापासून बसस्टँडवरच्या बाकड्यांना दुसरी गोष्ट माहीत नव्हती. उमरग्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या परक्या माणसालासुद्धा ते तो राक्षस पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायचे. दोन गाड्या चुकलेला एक माणूस पुढं त्या बाकड्याकडं फिरकला नाही म्हणतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भांडण निघालं. हे तेच गाव, जिथं आठशे वर्षांपूर्वी अनुभव मंटपात सगळ्या जातीची बायामाणसं एका सभेत बसून बोलत होती, याचा अभिमान आम्ही भाषणातून अजून सांगतो. त्याच गावात चार माणसांना एका टेबलावर एका फाशावरून बोलता येईना.

सुरुवात दारापासून झाली. सुनीलकुमारनं तीन आठवडे खपून एक मोठी लढाई रचली होती. पुलावर मेलेल्या राक्षसाचा थोरला भाऊ हिश्श्यासाठी किल्ला अडवून, आत माणसं कोंडून बसलेला. सुनीलकुमारच्या राक्षसांचीही भांडणं वाटणीवरूनच असत. पण स्नेहाच्या चोरानं लढायचंच नाही असं ठरवलं. मागच्या दारानं शिरून कैद्यांना सोडवते म्हणाली. सुनीलकुमारचा चेहरा उतरला. मागच्या दाराला कुलूप आहे, त्यानं सांगितलं. तिनं कुलूप उघडलं. आत आणखी एक कुलूप निघालं. तिनं तेही उघडलं. असं करत सात कुलपं झाली, आणि सातवं उघडल्यावर कळलं की पलीकडं भिंतच आहे.

“मग दार कशाला काढलाव, अण्णा?” स्नेहा म्हणाली. “मी काय करायचं ते तुमीच ठरवणार असलाव, तर मला विचारता कामून?”

गोष्टीसाठी कधी कधी करावं लागतं, असं सुनीलकुमार पुटपुटला. हावगेप्पांनी लगेच कलम काढलं: मास्टरनं खेळणाऱ्याची निवड हिरावून घेऊ नये. पण त्याच पानावर खाली, मास्टरचा शब्द अखेरचा, असंही निघालं. मग दोन्ही कलमांवर पाऊण तास युक्तिवाद झाला, आणि वकीलसाहेब दोन्ही बाजूंनी एकटेच बोलले.

स्नेहा गप्प बसली खरी, पण तिची नजर बसली नाही. सुनीलकुमारच्या खुर्चीमागं भिंतीवर त्याचं सर्व्हेअरचं लायसन टांगलेलं असतं. दिवाळीत नेत्रावतीनं त्याला नवी चौकट आणि नवी काच घालून आणली होती. त्या काचेत आडोशामागचं टेबल लख्ख दिसतं, आणि टेबलावरचा लिंबाएवढा फासाही. खरी मोजणी करील म्हणून सरकारनं लिहून दिलेला कागद, आणि त्याच्याच काचेत मास्टरची चोरी दिसत होती. स्नेहानं औषधाच्या कोऱ्या चिठ्ठीवर दोन रकाने पाडले. एकात काचेत दिसलेला आकडा, दुसऱ्यात मास्टरनं वाचलेला. पाच रविवार तिनं हे काम निमूटपणे केलं.

सहाव्या रविवारी तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. हावगेप्पांनी ती कोर्टात वाचावी तशी वाचली. पाच रविवारांत सहा वेळा मास्टरनं आकडा खोटा सांगितला होता. पंधराचा पाच, अठराचा तीन. आणि सहाही वेळा घाव बंडेप्पांवर होता. वकिलांचा जादूगार दोनदा मेला होता, स्नेहाचे दोन चोर कामी आले होते, तेव्हा फाशानं कुणाची गय केली नव्हती.

वकिलांना खरा राग त्याचाच आला. “आमचं मरण तेवढं खरं का?” त्यांनी विचारलं.

सुनीलकुमारनं आधी आवाज चढवला. मास्टरला हक्क असतो, गोष्ट रंगायला हवी, काचेतून बघणं हीच मुळात लबाडी आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातलाच प्रकार. शेतात त्याच्यावर ओरडणारे भाऊ हेच सगळं म्हणतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मग त्याची नजर वडलांकडं गेली आणि तो मधेच थांबला.

बंडेप्पा फ्यूज हातात घेऊन बसले होते. “हे पाच रविवारचं झालं,” ते म्हणाले. “त्याच्या आदी?”

सुनीलकुमारनं चिठ्ठी उलटी करून ठेवली.

“पुलावरचा राक्षस?”

“त्याला वीस पडला होता, अप्पा,” सुनीलकुमार खाली बघत म्हणाला. “मी दोन वाचला.”

वीस पडणं म्हणजे राक्षसाचा घाव सरळ वर्मी. म्हणजे बंडेप्पांचा योद्धा पुलावरच मेला होता, आणि गेलं दीड वर्ष बसस्टँडवरच्या बाकड्यावर एक मेलेला माणूस स्वतःचा पराक्रम सांगत होता. बंडेप्पांनी फ्यूज खिशात घातला, जिन्यावरच्या चपला पायांत सरकवल्या आणि ते उतरून गेले. स्नेहाला वाईट वाटलं. मी खेळाचं बोलले, अप्पांना लागावं म्हणून नाही, असं ती दोनदा म्हणाली. हावगेप्पांना मात्र या प्रसंगाचं कलम सापडेना.

सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. जेवलात का, व्हय. दुखतंय का, न्हाई. घरात ते जुने दोन शब्द परत आले. ज्याच्या भीतीनं दीड वर्ष आकडे फिरवले, तेच त्या फिरवण्यानं दारात आणून उभं केलं होतं. नेत्रावतीला त्यानं सांगितलं, चांगल्यासाठीच केलं होतं. ती म्हणाली, पोरं कॉपी करतात तेव्हा तीही असंच सांगतात.

गुरुवारी सकाळी बंडेप्पा गच्चीवर पाण्याच्या मोटारीची वायर बघत होते. सुनीलकुमार वर गेला आणि चुकलं म्हणाला. बंडेप्पांनी वायरचं टोक सोललं, जोडलं, वर पट्टी गुंडाळली आणि मग बोलले.

“तुझ्या आईच्या टायमालाबी तू असाच आडोसा लावलतास. रिपोर्टात तीनच महिने ऱ्हायलेत म्हनून लिवलतं, ते मला ती गेल्यावर कळालं. मला विंग्रजी येत न्हाई म्हनून तू ‘बरी व्हायलीय’ असं वाचून दाखवलास. ती रोज म्हनायलती, एक डाव नौबादला माहेरी न्या मला. बरी झाल्यावर जाऊ, म्हनलो मी. आन् इथं न्हाणीघरात तिला धरायला दांडी बसवत बसलो.” त्यांनी पट्टी एकदा दाबून पाहिली. “खरा आकडा सांगितला असतास तर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं घेऊन गेलो असतो.”

आई गेल्यावर अप्पा दुःखानं गप्प झाले, असं सुनीलकुमार समजत होता. ते त्याच्यावरच्या रागानं गप्प होते, आणि राग सांगायचा कसा ते न कळून गप्प होते. ती दांडी अजून न्हाणीघरात आहे. तो रोज तिच्यावर टॉवेल टाकतो. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“मला वाटलं, तुमाला झेपणार न्हाई,” तो म्हणाला.

“चौतीस वर्षं खांबावर चढलो मी,” बंडेप्पा म्हणाले. “लाइनीत करंट हाय का न्हाई, एवढंच सांगायचं असतंय खालच्या माणसानं. चढायचं का न्हाई ते वरचा ठरवतो.”

रविवारी दोन वाजता बंडेप्पा माडीवर आले ते काखेत घरची पितळी परात घेऊन. पुठ्ठ्याचा आडोसा त्यांनी घडी करून कपाटावर टाकला आणि टेबलाच्या मधोमध परात ठेवली. फासा इथून पुढं परातीत पडेल, सगळ्यांसमोर. आणि टेपची जी रीत तीच इथं: राक्षसाचा फासा खेळणाऱ्यानं टाकायचा, खेळणाऱ्याचा मास्टरनं. टोकं समोरच्याच्या हातात. पुस्तकात असं कुठंच नाही, हावगेप्पा म्हणाले. मग लिहून घ्या, बंडेप्पा म्हणाले. स्नेहाला मागचं दार परत मिळालं, एका कुलपाचं. तिचा चोर आत शिरला आणि कैदी एकेक करून बाहेर पडू लागले.

एवढ्यात राक्षसाच्या थोरल्या भावाला चाहूल लागली आणि तो मागच्या बाजूला धावत सुटला. कैदी अजून निम्मेच बाहेर आले होते. बोळ अरुंद, माडीच्या जिन्याएवढा. बंडेप्पांनी फ्यूज उचलून बोळाच्या तोंडावर ठेवला.

“मी हितं थांबतो,” ते म्हणाले. “तुमी मानसं काढा.”

सुनीलकुमारनं नियमाप्रमाणं सांगितलं: अप्पा, हा तुमच्यापेक्षा फार ताकदीचा आहे, पंधराच्या वर पडलं तर तुमचा योद्धा उठणार नाही. पहिल्यांदाच त्यानं त्यांना खरा आकडा आधी सांगितला होता. बंडेप्पांनी मान हलवली. ऐकलं, थांबतो.

राक्षसाचा फासा टाकायची पाळी स्नेहाची होती. परातीत फासा खणखणत फिरला आणि थांबला. एकोणीस.

आता गंमत बघा. पाच रविवार चिठ्ठी लिहिणारी, न्यायासाठी भांडणारी स्नेहाच पहिल्यांदा बोलली. फासा परातीच्या काठाला लागला, परत टाकते म्हणाली. हावगेप्पांनी घाईघाईनं पुस्तक उघडलं. बोळ अरुंद असल्यास घाव अर्धा धरावा अशा अर्थाचं काहीतरी कुठंतरी नक्की वाचलंय, एक मिनिट. दुसऱ्याच्या आकड्याला सगळेच कडक असतात. सुनीलकुमारचा हात तर आपोआप परातीकडं निघाला होता. त्यानं तो मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

“अप्पा,” तो म्हणाला. “एकोणीस हाय.”

“दिसायलंय मला,” बंडेप्पा म्हणाले. “कैदी?”

“सगळे बाहेर पडले.”

“मग झालं.” त्यांनी फ्यूज आडवा केला. चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते पुलावरचा राक्षस मारल्याच्या दिवशीही नव्हतं. मग ते खुर्चीत सावरून बसले आणि मुद्द्यावर आले. आपल्या लिंगायतांत आडवं ठेवत नाहीत, बसवून पुरतात. तेव्हा योद्ध्याची समाधी रीतसर झाली पाहिजे, विभूती लावून, आणि नंतरच पुढचं काय ते. एक तासात दुसरे राक्षस येतील आणि समाधीला किती वेळ लागतो याचं पुस्तकात कोष्टक नाही, असा आक्षेप हावगेप्पांनी घेतला. स्नेहा म्हणाली, सोडवलेले कैदी खड्डा खणतील, त्यांना विचारा तरी. त्यावर परत वाद झाला, पण कैद्यांना विचारलं आणि ते तयार झाले.

जागा बोळाच्या तोंडाशीच ठरली. बसलेल्या माणसाच्या मापाचा खड्डा. सुनीलकुमारनं नकाशावर पेन्सिल टेकवली आणि सवयीनं खिशातून टेप काढला. सवयीनंच त्यानं टेपचं एक टोक समोर धरलं. बंडेप्पांनी ते चिमटीत पकडून फ्यूजजवळ टेकवलं.

“नीट धरा, अप्पा.”

“धरलाय,” बंडेप्पा म्हणाले. “तू खरं वाच.”

सुनीलकुमारनं डोळे पुसले, वाकून बघितलं आणि जेवढं होतं तेवढंच मोठ्यानं वाचलं.